शरीरसौष्ठव स्पर्धा व स्पर्धापूर्व आहार

शरीरसौष्ठव स्पर्धा : स्नायूंचा आकार, त्यांचे परस्परांशी प्रमाण आणि त्वचेखालील चरबीचा अभाव या तीन गोष्टी मंचावर शेजारी शेजारी उभे करून पाहायच्या आणि त्यावरून स्पर्धकांचे क्रम लावायचे, असे या स्पर्धेचे स्वरूप आहे. कोण किती वजन उचलतो याची येथे नोंद होत नाही. ‘बॉडीबिल्डिंग’ या शब्दात बांधणीवर भर आहे. ‘सौष्ठव’ हा ‘सुष्ठु’ (नीट, उत्तम) यापासून साधलेला शब्द रेखीवपणा सांगतो. प्रत्यक्ष परीक्षण पाहता मराठी शब्दच अधिक नेमका आहे. हौशी गटात आकाराने मोठे पण चरबी न उतरलेले स्पर्धक पहिल्याच फेरीत मागे पडतात, त्यामुळे तयारीचा शेवटचा टप्पा व्यायामापेक्षा आहाराचा असतो. व्यायामपद्धती हा स्वतंत्र विषय असल्याने येथे घेतलेला नाही.

उगम : ताकदीच्या प्रयोगांसाठी व शरीरासाठी प्रसिद्ध असलेल्या युजेन सँडो याने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये घेतलेल्या स्पर्धेला बहुतेक संदर्भग्रंथ पहिल्या मोठ्या शरीरसौष्ठव स्पर्धेचा मान देतात. तारखेबद्दल वाद नाही, ‘पहिली’ या विशेषणाबद्दल आहे. सँडोने १८९८ मध्ये आपल्या मासिकातून या स्पर्धेची घोषणा केली होती आणि अंतिम फेरीसाठी इंग्लंडच्या परगण्यांतून निवड स्पर्धा झाल्या. त्या धरल्या तर आरंभ १९०१ च्या आधी जातो. तरीही मंच, प्रेक्षक, परीक्षक मंडळ आणि जाहीर निकष ही चारही अंगे एकत्र आलेली १९०१ चीच स्पर्धा प्रारंभबिंदू मानणे सयुक्तिक वाटते. स्वतः सँडो, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉइल हे परीक्षक होते. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे विजयी झाला.

त्या वेळचे निकष लक्षात घेण्याजोगे आहेत : सर्वसाधारण विकास, विकासातील समतोल, स्नायूंची स्थिती व घट्टपणा, आरोग्य आणि त्वचेची स्थिती. आज ज्याला ‘कट्स’ (चरबी उतरल्याने स्नायूंमध्ये स्पष्ट दिसणाऱ्या रेषा) म्हणतात तो निकष त्यात स्वतंत्रपणे नाही. सँडोची छायाचित्रे आजच्या हौशी स्पर्धकाशेजारी ठेवली तर हा फरक चटकन दिसतो.

अमेरिकेत व्यायामाचा प्रचारक व प्रकाशक बर्नार मॅकफॅडन याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये घेतलेल्या स्पर्धेत अल ट्रेलोर विजयी ठरला. स्पर्धा डिसेंबरअखेर सुरू होऊन जानेवारीत संपल्याने तिचे वर्ष कोठे १९०३, तर कोठे १९०४ दिलेले आढळते. ‘मिस्टर अमेरिका’ किताबाचा आरंभही असाच १९३९ किंवा १९४० असा दिला जातो. जॉन ग्रिमेक १९४० व १९४१ असे लागोपाठ दोनदा जिंकल्यानंतर एका व्यक्तीला हा किताब एकदाच मिळेल असा नियम झाला. १९४६ मध्ये बेन व जो वीडर या बंधूंनी आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघ (आयएफबीबी) स्थापन केला. अत्यंत कमी चरबी हा निर्णायक निकष केव्हा झाला याचे एकच वर्ष सांगता येत नाही. नितंबांवरील स्नायूंच्या रेषा मंचावर आणण्याचे श्रेय सामान्यतः १९८० च्या दशकातील रिच गॅस्पारी यास दिले जाते. तेव्हापासून ‘मागून पाहू’ हा परीक्षकांचा जणू अलिखित नियम झाला.

गट व परीक्षण : पुरुषांचे मुख्य गट वजनावर, बहुधा ५ किलोंच्या अंतराने पाडलेले असतात. क्लासिक गटांत उंचीनुसार वजनाची कमाल मर्यादा असते : सेंटिमीटरमधील उंचीतून १०० वजा करून येणाऱ्या आकड्यात उंचीगटानुसार ठराविक किलो मिळवतात. हे किलो संघटनेगणिक व काळागणिक बदलत आले आहेत.

परीक्षक गुण देत नाहीत, क्रम देतात. मंडळ नऊ जणांचे असेल तर आयएफबीबीच्या पद्धतीत प्रत्येक स्पर्धकाला मिळालेल्या क्रमांकांतील दोन सर्वांत वरचे व दोन सर्वांत खालचे वगळून उरलेल्या पाचांची बेरीज करतात. सर्वांत कमी बेरीज पहिली. एखाद्या परीक्षकाची आवडनिवड यात बरीचशी गळून पडते. चारही दिशांना वळून उभे राहणे आणि सात अनिवार्य पोझ, म्हणजे समोरून डबल बायसेप्स, समोरून लॅट स्प्रेड (पाठीचे रुंद स्नायू पसरून दाखवणे), साइड चेस्ट, मागून डबल बायसेप्स, मागून लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स व पोट-मांड्या, यांवर तुलना होते. संगीतावरील स्वतंत्र पोझिंग सुमारे एका मिनिटाचे असते. प्रेक्षकांना तेच लक्षात राहते, निकाल मात्र बहुतेक वेळा आधीच्या तुलनेत लागलेला असतो.

स्पर्धापूर्व आहार : तयारीचा कालावधी किती, हे चरबीच्या हिशेबावरून ठरते. ८२ किलो वजन आणि १४ टक्के चरबी असलेल्या स्पर्धकाच्या अंगावर ११.५ किलो चरबी व ७०.५ किलो चरबीविरहित वजन आहे. स्नायू अजिबात न गमावता ५ टक्क्यांवर आल्यास त्याचे वजन सुमारे ७४.२ किलो भरेल, म्हणजे ७.८ किलो उतरवायचे आहेत. आठवड्याला अर्धा किलो धरला तर १६ आठवडे होतात. आजारपण, प्रवास, वजन अडकणे यांसाठी तीन-चार आठवडे हाताशी ठेवावे लागतात. म्हणजे १९-२० आठवडे. चरबी मोजण्याच्या सर्वच पद्धतींत काही टक्क्यांची चूक असते आणि विद्युतरोधावर चालणाऱ्या काट्यांत ती पाण्यामुळे आणखी वाढते. म्हणून आकड्यापेक्षा चिमटामापाने घेतलेली त्वचेच्या घडीची जाडी दर आठवड्याला कशी उतरते, हे पाहणे बरे. हौशी स्पर्धकांची नेहमीची चूक एकच : स्वतःच्या अंगावरील चरबी तीन-चार टक्क्यांनी कमी धरणे आणि त्यामुळे महिनाभर उशिरा सुरुवात करणे. उरलेली चरबी मग उपाशी राहून काढली जाते आणि तिच्याबरोबर स्नायूही जातो.

वजन उतरण्याचा वेग आठवड्याला शरीरवजनाच्या ०.५ ते १ टक्का असावा, अशी शिफारस नैसर्गिक (औषधविरहित) स्पर्धकांविषयीच्या २०१४ मधील एका बहुचर्चित आढाव्यात आहे. त्याच आढाव्यात प्रथिने चरबीविरहित वजनाच्या दर किलोला २.३ ते ३.१ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ एकूण उष्मांकांच्या १५ ते ३० टक्के आणि बाकी कर्बोदके असे प्रमाण दिले आहे. सुरुवातीला १ टक्का चालतो. चरबी जशी कमी होते तसा ०.५ टक्क्याकडे येणे श्रेयस्कर, कारण साठाच लहान झाला की तूट भरायला शरीर स्नायूकडे वळते.

वरच्या उदाहरणातील स्पर्धकाचे वजन २,८०० किलोकॅलरींवर स्थिर राहते असे समजू. आठवड्याला अर्धा किलो चरबीसाठी रोज सुमारे ५५० ची तूट लागते, म्हणून आहार २,२५० चा. १७५ ग्रॅम प्रथिनांचे ७०० आणि ५० ग्रॅम स्निग्धांचे ४५० वजा जाता १,१०० उरतात, म्हणजे २७५ ग्रॅम कर्बोदके. व्यायामाच्या आधी व नंतर त्यांतील मोठा वाटा येतो. प्रथिने चार-पाच जेवणांत विभागतात. पुढे कपात करायची वेळ आली की ती कर्बोदकांतून आणि थोडी स्निग्धांतून होते. प्रथिनांना हात लावत नाहीत.

हिशेब बिघडतो तो बहुधा तराजूवर. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ते ८० ग्रॅम कर्बोदके असतात. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८. भात शिजवून तोलायचा आणि आकडा कच्च्याचा धरायचा, तर स्पर्धक ठरल्याच्या जेमतेम एक तृतीयांश खातो आणि दहा दिवसांत अंगातला जोर जातो. उलट चूक मांसाची : शिजताना त्याचे वजन साधारण पाव भाग घटते, त्यामुळे शिजलेल्या वजनाला कच्च्याचा आकडा लावला की प्रत्यक्षात जास्त खाल्ले जाते. तोलायचे ते सगळे कच्चे, हा नियम पाळणे सर्वांत सोपे. तेल चमच्याने मोजू नये, भांडे तराजूवर ठेवून ओतावे. सढळ हाताने घेतलेला एकेक चमचा रोजच्या तुटीतले शंभर उष्मांक सहज खातो.

वजन रोज सकाळी, शौचानंतर व काही खाण्यापूर्वी घेतात आणि आठवड्याची सरासरी मागच्या सरासरीशी ताडतात. दोन आठवडे सरासरी हलली नाही तर रोजचे १०० ते १५० उष्मांक कमी करतात किंवा २० मिनिटे चालणे वाढवतात. दोन्ही एकदम नाही. आहार कमी झाला की माणूस नकळत कमी हलतो, जिने टाळतो, बसून राहतो. वजन ‘अडकण्यामागे’ चयापचय बिघडल्याचे निदान करण्याआधी दिवसभराची पावले मोजून पाहावीत. आठवड्यातून एक-दोन दिवस कर्बोदके वाढवून देखभालीच्या (वजन स्थिर ठेवणाऱ्या) पातळीवर खाण्याला रिफीड म्हणतात. त्याने व्यायामाला जोर येतो आणि मन टिकते, चरबी अधिक वेगाने जाते असे मात्र निश्चित दिसलेले नाही.

अखेरचा आठवडा : ‘पीक वीक’ या नावाने ओळखला जाणारा हा काळ या विषयातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. रूढ पद्धत अशी : पहिले तीन दिवस कर्बोदके जवळजवळ बंद करून स्नायूंतील ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) रिकामे करायचे, पुढचे तीन दिवस भरपूर कर्बोदके, सोबत मीठ बंद आणि अखेरीस पाणी बंद. व्यायामशाळेच्या भाषेत याला ‘पाणी काढणे’ म्हणतात.

यातल्या कर्बोदकांच्या भागाला आधार आहे, पण तो मूळचा दीर्घ पल्ल्याच्या खेळांतला. रिकामे केलेले स्नायू नंतर नेहमीपेक्षा जास्त ग्लायकोजेन साठवतात, हे १९६० च्या दशकात स्वीडनमधील प्रयोगांनी दाखवले. तीन दिवस इतके कडक रिकामे करण्याची गरज नाही, असे पुढे दिसून आले. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. १५० ग्रॅम जास्तीचे ग्लायकोजेन म्हणजे पाण्यासह सुमारे ६०० ग्रॅम, आणि तेही सर्वांगात वाटलेले. डोळ्यांना हा फरक दिसतो का? १९९२ मधील एका छोट्या प्रयोगात घेराच्या मापांत वाढ आढळली नाही. २०१९ मधील एका अभ्यासात हौशी स्पर्धकांच्या स्नायूंची जाडी व छायाचित्रांवरील गुण वाढले, पण पोटाच्या तक्रारीही वाढल्या. मापपट्टीपेक्षा नंतरच्या अभ्यासाच्या पद्धती स्पर्धेच्या परीक्षणाला जवळच्या असल्याने कर्बोदकभरण थोड्या प्रमाणात उपयोगी मानावे असे वाटते. त्याची तालीम मात्र स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी एकदा व्हायला हवी; नवा पदार्थ आणि नवे प्रमाण शेवटच्या दोन दिवसांत आणले की पोट फुगते आणि कंबर जाते.

पाणी व मीठ तोडण्याची बाजू बरीच कमकुवत आहे. शरीर केवळ त्वचेखालचेच पाणी बाहेर टाकत नाही. रक्तद्रवही घटतो, आणि स्नायू, ज्यात तीन चतुर्थांश पाणीच असते, तोही ओसरतो. आतड्यांतून ग्लुकोज शोषण्याच्या मुख्य मार्गाला सोडियम लागते, त्यामुळे मीठ तोडून कर्बोदके भरणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढणे. मीठ घटले की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढून मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवतात. परिणाम मंचामागे दिसतो : रबराचे पट्टे कितीही ओढले तरी पंप (रक्त भरून स्नायू फुगणे) येत नाही, शिरा दबतात, स्नायू ‘फ्लॅट’ (सपाट) दिसतात, मांडीत गोळे येतात. त्याच स्पर्धकाने रात्री मीठ घातलेले जेवण व पाणी घेतले की दुसऱ्या सकाळी तो आदल्या दिवशीपेक्षा चांगला दिसतो. ‘अंगावर पाणी राहिले’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा अंगावर राहिलेली असते ती चरबी.

मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधे हा याच समजुतीचा धोकादायक शेवट. पोटॅशियमचे प्रमाण बिघडून हृदयाचा ताल चुकतो. व्यावसायिक स्पर्धक मोहमद बेनाझिझा याचा १९९२ मध्ये स्पर्धेनंतर लगेच झालेला मृत्यू सामान्यतः याच्याशी जोडला जातो. ही औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत.

रंग व पोझिंग : मंचावरील प्रखर प्रकाशात उजळ त्वचेवरच्या सावल्या पुसल्या जातात, म्हणून त्वचा सावळी दाखवणाऱ्या गडद रंगाचे (टॅन) दोन-तीन थर देतात. आधीच्या आठवड्यात त्वचा घासून घेतात. केस दोन दिवस आधी काढतात, कारण ताज्या वस्तऱ्यावर रंग ठिपक्यांनी बसतो. तेलकट क्रीम व डिओडरंट लावलेल्या जागी, विशेषतः काखेत, रंग हिरवट होतो. हाताला लागणारा रंग अनेक संघटनांत चालत नाही.

पोझिंगचा सराव आठ-दहा आठवडे आधीपासून, प्रत्येक पोझ २० ते ३० सेकंद धरून आणि अखेरीस आरशाशिवाय करतात. मागून डबल बायसेप्समध्ये एक पाय मागे घेऊन चवड्यावर ठेवायचा, पोटरी आवळायची, मग मांडीचा मागचा भाग व नितंब, शेवटी हात. घाईत हात आधी वर जातात आणि पाय सैल राहतात. परीक्षक मात्र खालून वर पाहत येतो. मंचावर जाण्यापूर्वी १५-२० मिनिटे हलका पंप घेतात, पण मांड्यांना नाही, कारण रक्त भरले की त्यांच्यातील फटी बुजतात.

स्त्रियांचे गट : बिकिनी, फिगर, वेलनेस, फिजिक असे गट असून अपेक्षित चरबी गटागणिक वेगळी असते. मासिक पाळी थांबणे ही तयारीतील वारंवार आढळणारी बाब आहे. २०१६ मधील एका नोंदीत स्पर्धेनंतर ती परत येण्यास ७१ आठवडे लागले.

स्पर्धेनंतर : एका औषधविरहित पुरुष स्पर्धकाचे वर्षभर निरीक्षण करणारी २०१३ ची नोंद या बाबतीत सर्वाधिक उद्धृत होते. सहा महिन्यांच्या तयारीत त्याची चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली, विश्रांतीतील नाडी मिनिटाला ५३ वरून २७ वर आणि टेस्टोस्टेरॉन ९.२ वरून २.३ नॅनोग्रॅमवर (दर मिलिलिटरला) घसरले. स्पर्धेनंतर नाडी व संप्रेरके पूर्वपदावर येऊ लागली, पण ताकद सहा महिन्यांनीही पूर्णपणे परतली नव्हती. भूक मात्र पहिल्याच रात्री परतते. मर्यादा न ठेवता खाल्ल्यास दोन आठवड्यांत पाच-सात किलो वाढणे, घोट्यांवर सूज येणे, हे सर्रास दिसते. म्हणून काहीजण उष्मांक दर आठवड्याला शंभराने वाढवतात. त्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच आहार देखभालीच्या पातळीवर नेणे योग्य, कारण हळूहळू वाढवण्यात शरीर आणखी दोन महिने उपाशीच राहते. मंचावरची कमी चरबी टिकवण्याचा प्रयत्न करायचा नसतो. पहिल्या दोन महिन्यांत चार-पाच टक्के चरबी परत येऊ देतात, आणि पुढच्या स्पर्धेची तारीख त्यानंतरच ठरवतात.