चेकलिस्ट आणि टास्क (प्रकल्प व्यवस्थापन)

प्रकल्प व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठे काम फोडून लिहिण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. चेकलिस्ट ही मूळ कामाच्या नोंदीतच लिहिलेली, प्रत्येक ओळीपुढे टिक करण्याचा चौकोन असलेली साधी यादी असते. टास्क, ज्याला काही प्रणालींत टिकेट किंवा इश्यू म्हणतात, ही स्वतंत्र नोंद असून तिला स्वतःचा क्रमांक, जबाबदार व्यक्ती, मुदत, स्थिती आणि चर्चेचा इतिहास असतो.

चेकलिस्टची शिस्त विमानचालनात रुजली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे विमान उड्डाण करताच कोसळले, कारण उभ्या विमानाची नियंत्रणे जखडून ठेवणारी कळ सोडवायची राहून गेली होती. वैमानिक अनुभवी होते; काम येत नव्हते असे नाही, एक पायरी विसरली गेली. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी याद्या तयार झाल्या. चेकलिस्टचे खरे काम तेव्हापासून आजवर हेच आहे: ती करणाऱ्याची स्मरणशक्ती सांभाळते. कामाची वाटणी करणे आणि त्याचा पाठपुरावा ठेवणे हे टास्कचे काम आहे, आणि निवड करताना हा भेद सर्वांत उपयोगी पडतो.

मोबाइल ॲपची नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे उदाहरण घेता येईल. आवृत्तीचा क्रमांक बदलणे, डेटाबेसचा बॅकअप घेणे, चाचणीसाठी चालू ठेवलेल्या सुविधा बंद करणे या बाबी एकच व्यक्ती एका बैठकीत उरकते, म्हणून त्या चेकलिस्टमध्येच शोभतात. त्याच यादीत ‘बँकेकडून पेमेंटची परवानगी मिळवणे’ ही ओळ आली, तर ती मात्र तिथे ठेवू नये. ते काम दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला किती दिवस लागतील हे सांगता येत नाही, आणि अडले तर कोणी, केव्हा विचारणा केली याची नोंद लागते. चेकलिस्टमधील अशी ओळ बोर्डावर, म्हणजे सर्व कामांची स्थिती एकत्र दाखवणाऱ्या फलकावर, वेगळी दिसत नाही, बहुधा कोणाच्या नावावर नसते आणि आवृत्तीच्या आदल्या दिवशी अपूर्ण सापडते.

उलट टोकाची चूकही तितकीच महागात पडते. पाच मिनिटांच्या प्रत्येक पायरीचे टिकेट काढले की बोर्ड भरून जातो, स्थिती बदलत राहण्यातच वेळ जातो आणि अहवालात पाच मिनिटांचे काम व पाच दिवसांचे काम सारखेच एक-एक मोजले जाते.

सॉफ्टवेअरनिहाय ही सीमारेषा थोडी सरकते. २०११ मध्ये आलेल्या ट्रेलो या सॉफ्टवेअरमध्ये चेकलिस्ट कार्डाच्या, म्हणजे कामाच्या नोंदीच्या, आत राहते आणि कार्डावर पूर्ण-अपूर्ण बाबींचा आकडा दिसतो. सशुल्क योजनांत एकेका ओळीला व्यक्ती व मुदतही जोडता येते. २००२ पासूनच्या जिरा या सॉफ्टवेअरचा कल टिकेटकडे आहे: तेथील सबटास्कला (टिकेटखालच्या उपकामाला) स्वतःचा क्रमांक मिळतो, पण त्याखाली आणखी सबटास्क काढता येत नाही, त्यामुळे त्याहून बारीक पायऱ्या यादी करूनच लिहाव्या लागतात. प्रोग्रामचा कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर इश्यूच्या मजकुरातच चौकोनांची यादी लिहिता येते आणि तिच्यातील ओळीचा पुढे स्वतंत्र इश्यू करता येतो. ट्रेलोतही ओळीचे कार्ड करण्याची सोय आहे. म्हणून शंका असेल तेव्हा आधी चेकलिस्टमध्ये लिहावे, आणि एखादी ओळ दुसऱ्याकडे सोपवावी लागली किंवा अडून बसली की त्याच वेळी तिचे टास्क करावे.