टॅनेजरांची भावकी

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत दांडियाबाजार-रावपुऱ्याकडची मराठी मंडळी पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना मैना ओळखता येतात. डोक्यावरची काळी शेंडी मागे वळवलेली भांगपाडी, ओल्या हिरवळीत चोच खुपसत हिंडणारी काळी-पांढरी मैना, आणि थव्याथव्यांनी येणारी गुलाबी अंगाची भोरडी. जुन्या पक्षी-पुस्तकांत या तिघींचं शास्त्रीय नाव 'स्टर्नस'ने सुरू व्हायचं. आजच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये भांगपाडी 'स्टर्निया' आहे, काळी-पांढरी 'ग्रॅक्युपिका' आहे आणि भोरडी 'पास्टर'. आमच्याबरोबर पक्षी बघायला येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने दोन्ही ताडून पाहिलं आणि विचारलं, "काका, पक्षी तोच आहे, मग नाव कोण बदलतं? आणि कशासाठी?"

प्रश्न उत्तम आहे. त्याचं सगळ्यांत पोटभर उत्तर मिळतं ते मात्र आपल्याकडे नसलेल्या पक्ष्यांकडून, दक्षिण अमेरिकेतल्या टॅनेजरांकडून.

आधी एक खुलासा. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सैलपणे वापरतात. इथे तो वर्गीकरणातल्या नेमक्या अर्थाने घ्यायचा: जवळचं नातं असलेल्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, आणि अनेक प्रजाती मिळून कुल. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. भोरडी 'पास्टर रोझियस', त्यात पास्टर ही प्रजाती.

प्रजाती कशाला म्हणायचं, याची आजची अट मराठी माणसाला एका शब्दात कळेल: ती भावकी असली पाहिजे. एक मूळपुरुष आणि त्याचे सगळे वंशज. बाहेरचा कुणी आत घुसवलेला नको आणि आतला कुणी वगळलेला नको. एखाद्या प्रजातीत बाहेरचे सापडले, किंवा तिचेच वंशज दुसऱ्या नावाने वेगळे मांडलेले आढळले, की नाव बदलणं भाग पडतं. दिसण्यातलं साम्य हा नात्याचा पुरावा असू शकतो, पण तो एकटा पुरेसा नाही. टॅनेजरांच्या बाबतीत तर त्याने दीडशे-दोनशे वर्षं दिशाभूल केली.

टॅनेजरांचं कुल मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर पसरलं आहे. ३७० हून अधिक जाती आहेत. त्यांत निळे, हिरवे, सोनेरी, लाल असे रंग की चित्रकाराला पेटी अपुरी पडावी. तसेच अगदी मातकट, चिमणीसारखे पक्षीही आहेत. कुणी फळं खातं, कुणी कीटक, कुणी गवताचं बी. डिग्लोसा प्रजातीतले पक्षी चोचीच्या वाकड्या टोकाने फुलाला बुडाशी भोक पाडून मध चोरतात. जुन्या वर्गीकरणकारांनी साहजिकच चोच पाहून वाटणी केली. जाड चोचीचे बी खाणारे गेले भारीटांच्या (इंग्रजीत बंटिंग) कुलात, मध पिणाऱ्यांना वेगळं कुल मिळालं, आणि फळं खाणारे रंगीत पक्षी तेवढे टॅनेजर राहिले.

पण चोचीचा आकार उत्क्रांतीत फार लवकर बदलतो. गालापागोस बेटांवरच्या डार्विनच्या फिंचांमध्ये अर्खात अब्झानोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की खोल आणि रुंद चोच असलेल्या जातींच्या गर्भात बीएमपी-४ नावाचं प्रथिन चोचीच्या जागी लवकर आणि जास्त प्रमाणात तयार होतं. एका संकेताच्या वेळेत आणि मात्रेत फरक पडला की चोच बदलते. मग एका बेटावर आणि दुसऱ्या खंडात, एकमेकांशी नातं नसलेल्या दोन पक्ष्यांना बी फोडण्यासाठी सारखीच चोच यावी, यात नवल उरत नाही.

डीएनए वाचता येऊ लागला आणि नात्यांची सगळी मांडणीच हलली. ज्यांना शाळेत आपण 'डार्विनच्या फिंच' म्हणून शिकलो, ते पक्षी टॅनेजर निघाले. दक्षिण अटलांटिकमध्ये, कुठल्याही खंडाच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या गॉफ बेटावरचा, इंग्रजीत भारीटांचं नाव लावणारा पक्षी टॅनेजर निघाला. उलट उत्तर अमेरिकेतला लालभडक 'स्कार्लेट टॅनेजर', ज्याच्यावरून तिथल्या लोकांना टॅनेजर हा शब्द माहीत झाला, तो या कुलातला नाहीच. त्याची पिरांगा प्रजाती कार्डिनलांच्या कुलात गेली. युफोनिया नावाचे छोटे पिवळे-निळे पक्षी खऱ्या फिंचांकडे गेले. २०१३ मध्ये कीथ बार्कर आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या गोतावळ्याचं मोठं झाड मांडलं, तेव्हा कॅरिबियनमधल्या काही पक्ष्यांना स्वतंत्र कुलंच द्यावी लागली.

२०१४ मध्ये सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतले केविन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॅनेजर कुलाची सविस्तर वंशावळ प्रसिद्ध केली. ३७१ जातींपैकी ३५३ जातींचा डीएनए त्यांनी तपासला. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधली दोन जनुकं आणि केंद्रकातली काही जनुकं, असं दोन्हीकडून पाहिलं, कारण मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात आणि एकट्या आईकडची हकिकत कधी कधी फसवते. यासाठी लागलेले पेशींचे नमुने निरनिराळ्या संग्रहालयांनी वर्षानुवर्षं गोठवून जपले होते. जिथे तसे नमुने नसतात, तिथे वाळवून ठेवलेल्या जुन्या पक्ष्याच्या तळपायाच्या कातडीचा कणभर तुकडाही चालतो. बडोद्याच्या संग्रहालयात शाळेची मुलं देवमाशाचा सांगाडा बघायला जातात. संग्रहालयं नुसतं बघण्यासाठी नसतात, हे त्यांना अशा वेळी सांगावंसं वाटतं.

आता मुख्य पेच. तांगारा ही दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्यांमधली एक अवाढव्य प्रजाती, सुमारे ५० जातींची. तिच्या शेजारी थ्राउपिस नावाची छोटी प्रजाती होती, ज्यात बागांमध्ये सर्रास दिसणारा निळसर-राखी टॅनेजर येतो. राउल सेडानो आणि बर्न्स यांनी २०१० मध्ये दाखवलं की थ्राउपिस ही तांगाराच्या शेजारी नसून तिच्या पोटात आहे. काही तांगारा पक्षी इतर तांगारांपेक्षा थ्राउपिसला जवळचे आहेत. म्हणजे भावकीतलेच काहीजण वेगळं नाव लावून बसले होते.

इथे दोनच वाटा. थ्राउपिस तांगारात विलीन करायची, म्हणजे आधीच फुगलेली प्रजाती आणखी फुगणार. तांगारा हे नाव ब्रिसनने १७६० मध्ये दिलेलं, थ्राउपिस बोईने १८२६ मध्ये. जुनं टिकतं, त्यामुळे थ्राउपिस नाव पुसलं जाणार. ब्राझीलच्या पक्ष्यांच्या अधिकृत यादीने काही काळ हेच केलं होतं. किंवा थ्राउपिस तशीच ठेवायची आणि तांगाराचे तुकडे करायचे, ज्यातला प्रत्येक तुकडा पुरी भावकी असेल.

बर्न्स, फिलिप युनिट आणि निकोलस मेसन यांनी २०१६ मध्ये 'झूटॅक्सा' या नियतकालिकात दुसरी वाट धरली. ती मला पटते. ५०-६० जातींच्या प्रजातीचं नाव वाचून वाचकाला फारसं काही कळत नाही. सात-आठ किंवा पंधरा जातींच्या गटाचं नाव नात्याबद्दल, अधिवासाबद्दल, रंगांच्या ठेवणीबद्दल काहीतरी सांगतं.

तुकडे कसे करायचे याला शिस्त आहे. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्या मते प्रत्येक प्रजातीचं नाव एका आदर्श जातीला कायमचं बांधलेलं असतं. तांगारा हे नाव स्वर्गीय टॅनेजर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सात रंग मिरवणाऱ्या पक्ष्याला बांधलेलं आहे. म्हणून तो ज्या तुकड्यात, तो तुकडा तांगारा. बाकीच्या तुकड्यांसाठी आधी जुनी दप्तरं धुंडाळायची. कुणी कधीकाळी त्यातल्या एखाद्या पक्ष्यासाठी प्रजातीचं नाव सुचवून ठेवलं असेल तर तेच वापरावं लागतं. दोन तुकड्यांसाठी अशी नावं निघाली: इक्सोथ्राउपिस आणि कॅल्कोथ्राउपिस, दोन्ही पक्षिशास्त्रज्ञ शार्ल ल्यूसिएं बोनापार्टने १८५१ मध्ये दिलेली. ज्यांना कुणीच नाव दिलेलं नव्हतं, त्यांनाच नवं मिळालं. चकाकत्या पिसांच्या मोठ्या गटाला स्टिल्पनिया, आणि दोनच जातींच्या गटाला पिसिलोस्ट्रेप्टस. त्यातली एक जात मेक्सिको-ग्वाटेमालाच्या डोंगरांत, दुसरी पनामापासून खाली इक्वेडोरपर्यंत. नवं नाव साऱ्या प्राणिसृष्टीत पूर्वी कुणालाच दिलेलं असून चालत नाही. प्लॅटिपसच्या बाबतीत असंच झालं होतं: ते नाव एका भुंगेऱ्याला आधीच गेलेलं असल्यामुळे त्या सस्तन प्राण्याला ऑर्निथोऱ्हिंकस म्हणावं लागलं.

त्याच निबंधात आणखीही नव्या प्रजाती होत्या. डार्विनच्या फिंचांच्या जवळचे नातेवाईक असलेल्या दोन साध्या रंगांच्या पक्ष्यांना असेमोस्पायझा हे नाव मिळालं. मॉर्टन आणि फिलिस आयलर (Isler) या दांपत्याने टॅनेजरांवर १९८७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला होता; त्यांच्या सन्मानार्थ, पूर्वी टॅकिफोनसमध्ये असलेल्या तीन जातींच्या गटाला इस्लेरोथ्राउपिस म्हटलं गेलं. पण फेलिक्स यारोत्स्की या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाने १८२१ मध्येच त्यातल्या एका पक्ष्यासाठी लोरिओटस हे नाव देऊन ठेवलं होतं. ते विस्मरणात गेलं होतं, रद्द झालं नव्हतं. २०१९ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली, आणि ती मांडणाऱ्या लेखकांत युनिट आणि बर्न्स हे दोघेही होते. स्वतःच, इतक्या आपुलकीने दिलेलं नाव त्यांनी तीन वर्षांत मागे घेतलं. मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जाता जाता व्याकरणाचीही गंमत झाली: प्रजातीच्या लिंगाप्रमाणे जातीचं विशेषण बदलतं, त्यामुळे ज्वालेसारखा तुरा असलेला तो टॅनेजर 'क्रिस्टाटस'चा 'क्रिस्टाटा' झाला आणि लोरिओटसमध्ये परत 'क्रिस्टाटस'.

सगळेच वाद नियमांनी सुटत नाहीत. अँडीज पर्वतात पाच हजार मीटरच्या आसपास राहणारा आणि पेरूत चक्क हिमनदीच्या बर्फावर घरटं करणारा एक राखी पक्षी आहे. तो डायुका प्रजातीत होता. डीएनएने दाखवलं की तो त्या भावकीतला नाही. बर्न्स आणि सहकाऱ्यांनी त्याच्यासाठी कायोनोडॅक्रिऑन ही स्वतंत्र प्रजाती केली. नाव सुरेख आहे: बर्फाचा अश्रू, डोळ्याखालच्या पांढऱ्या ठिपक्यावरून. पण पुढे यादी ठरवणाऱ्यांनी विचार केला, की याचे जवळचे नातलग इडिओप्सार प्रजातीत ठेवता येतात, मग एकाच जातीसाठी वेगळी प्रजाती कशाला? आज प्रमुख याद्यांत तो इडिओप्सार आहे. दोन्ही मांडण्यांत भावकीची अट पाळली जाते. कुणाचा पूर्वज कोण, हे निसर्गात ठरलेलं आहे आणि पुराव्याने शोधता येतं. वंशावळीच्या कोणत्या फांदीवर प्रजातीची रेघ ओढायची, हे मात्र माणसं चर्चा करून ठरवतात. त्या मुलीच्या 'कोण बदलतं' या प्रश्नाचं उत्तर यात आहे: पुरावा बदल भाग पाडतो, आणि किती बदलायचं ते जाणकारांच्या समित्या ठरवतात.

आपल्या मैनांचंही असंच घडलं. २००६ ते २००८ च्या दरम्यान झालेल्या अभ्यासांत स्टर्नस ही भावकी नसल्याचं दिसलं आणि तिचे तुकडे झाले. पास्टर हे नाव टेमिंकने १८१५ मध्येच दिलं होतं. या बदलाची किंमतही असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात जे. सी. जॉर्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पक्ष्यांच्या उड्डाणस्नायूंवर आणि स्थलांतराआधी साठणाऱ्या चरबीवर जगभर नावाजलेलं काम केलं, आणि त्यातला एक महत्त्वाचा पक्षी भोरडी होता. त्या निबंधांत तो स्टर्नस रोझियस आहे. आज पास्टर शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते काम सहजी सापडणार नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, नोंदवहीत नाव लिहिताना कोणत्या वर्षाची कोणती यादी वापरली तेही लिहा.

नव्या प्रजाती घडवण्याचं काम भारतातही झालं आहे. पश्चिम घाटातल्या शोला जंगलांमधले काही गाणारे पक्षी दूरच्या नातलगांच्या प्रजातींत मोडत असत. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन, सुषमा रेड्डी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की त्यांचे वंश दीर्घकाळ वेगळे वाढले आहेत, आणि शोलिकोला व माँटेसिंक्ला या दोन प्रजाती नव्याने मांडल्या.

टॅनेजरांचे आपल्याकडचे दूरचे भाऊबंद म्हणजे भारीट. दोन्ही एकाच महाकुलातले. काळ्या डोक्याचा आणि लालसर डोक्याचा, असे दोन भारीट मध्य व पश्चिम आशियातून हिवाळ्यात इकडे येतात, आणि वढवाणा तलावाच्या बाजूच्या शेतांतून त्यांचे पिवळे थवे उठताना बघायला मिळतात. भारीटांमध्ये उलटी गोष्ट घडली आहे. तुरेवाला युवराज, जो पूर्वेकडच्या डोंगराळ भागात दिसतो, त्याची मेलोफस ही स्वतंत्र प्रजाती होती. २००८ मध्ये पेर आल्स्ट्रोम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानंतर अनेक याद्यांनी ती एम्बेरिझा या मोठ्या प्रजातीत मिसळून टाकली. दुसरा पक्ष म्हणतो की एम्बेरिझाच फार मोठी झाली आहे, तिचेच तुकडे करा. ते सर्वमान्य झालं तर शेतातल्या आपल्या काळ्या आणि लालसर डोक्याच्या भारीटांची प्रजाती ग्रॅनाटिव्होरा होईल. त्यासाठी नवं नाव घडवावं लागणार नाही. बोनापार्टने तेही एकोणिसाव्या शतकातच देऊन ठेवलं आहे.