नटक्रॅकर बॅलेची वेशभूषा

‘नटक्रॅकर’ (रशियन नाव ‘श्चेलकुनचिक’; अर्थ : कठीण कवचाची फळे फोडणारा लाकडी बाहुला) हा नाताळच्या दिवसांत सादर होणारा दोन अंकी अभिजात बॅले असून त्याच्या वेशभूषेत पोशाख, शिरोभूषणे, मुखवटे आणि नृत्यपादत्राणे यांची संकल्पना, रेखाटन, बांधणी व देखभाल या सर्वांचा समावेश होतो. पहिल्या अंकात नाताळच्या पूर्वसंध्येला एका सुखवस्तू जर्मन घरात मेजवानी रंगते, मध्यरात्री उंदीर आणि खेळण्यातले सैनिक यांची लढाई होते व शेवटी हिमवर्षावाचे नृत्य येते. दुसरा अंक मिठाईच्या राज्यात घडतो. एकाच संध्याकाळी घरगुती कपडे, प्राणी, लाकडी बाहुले, हिमकण, फुले, चॉकलेट आणि कॉफी इतक्या गोष्टी अंगावर चढवण्याची वेळ अन्य बॅलेंमध्ये क्वचितच येते. त्यातच हा प्रयोग अनेक संस्थांकडे दर डिसेंबरला, बदलत्या नर्तकसंचांनिशी, वर्षानुवर्षे होत राहतो. त्यामुळे येथे वेशभूषाकाराची खरी कसोटी कागदावरील चित्रात नसून पोशाखाच्या आतल्या बाजूस, म्हणजे अस्तर, शिवण आणि हुकांच्या रांगांत लागते.

या बॅलेचा पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्ग येथील मारिन्स्की नाट्यगृहात १८ डिसेंबर १८९२ रोजी (जुन्या रशियन पंचांगानुसार ६ डिसेंबर) त्याचा संगीतकार चायकोव्हस्की याच्याच ‘इओलांता’ या एकांकी ऑपेराबरोबर झाला. जर्मन लेखक ए. टी. ए. होफमान याच्या १८१६ मधील कथेचे अलेक्झांडर द्यूमा याने केलेले फ्रेंच रूपांतर त्याला आधारभूत होते. आराखडा नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा याचा होता, पण त्याच्या आजारपणामुळे नृत्यरचना लेव्ह इवानोव्ह याने केली. विशेष म्हणजे वेशभूषेची रेखाटने शाही नाट्यगृहांचा संचालक इवान व्सेवोलोझ्स्की याने स्वतः काढली होती. संस्थेचा सर्वोच्च अधिकारीच पात्रांचे कपडे ठरवत असल्याने खर्चाला हात आखडता घेण्याचे कारण नव्हते आणि त्या थाटाचा काही समकालीन समीक्षकांना जाचही झाला. पहिल्या प्रयोगाच्या छायाचित्रांत हिमकण झालेल्या नर्तकींच्या झग्यांवर, डोक्यावरच्या तारांवर आणि हातातल्या छड्यांवर पांढऱ्या गोंड्यांची गर्दी दिसते. स्थिर छायाचित्रात ते गोंडे भाबडे वाटतात. मात्र प्रत्येक हालचालीबरोबर तारेच्या टोकावरचा गोंडा थरथरला की हिम भुरभुरल्याचा भास होणार, हा त्यामागचा हिशेब सहज ध्यानात येतो.

अमेरिकेतील पहिला पूर्ण लांबीचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्को बॅलेने २४ डिसेंबर १९४४ रोजी केला. त्याची वेशभूषा रसेल हार्टली याची होती. युद्धकाळात कापडाचा तुटवडा असल्याने एका जुन्या नाट्यगृहाच्या मखमली पडद्यांतूनही पोशाख बेतले गेले. पुढील अनेक संस्थांवर सर्वाधिक छाप पाडणारी वेशभूषा मात्र न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या २ फेब्रुवारी १९५४ रोजी रंगमंचावर आलेल्या नृत्यरचनाकार जॉर्ज बालान्शिन याच्या निर्मितीतील होय. ती खार्कीव्ह येथे जन्मलेल्या बार्बरा कारिन्स्का (१८८६–१९८३) या वेशभूषाकर्तीने सिद्ध केली. कारिन्स्काने बॉडिसच्या (पोशाखाचा धडाला घट्ट बसणारा वरचा भाग) काही पट्ट्यांचे कापड तिरके कापून शिवण्याची पद्धत रूढ केली. सरळ धाग्यात कापलेले कापड ताणले जात नाही. तिरक्या कापाचे कापड श्वासाबरोबर किंचित सैलावते आणि पुन्हा अंगाला बसते. नर्तकीच्या बरगड्यांना मिळणारी ही बोटभर मोकळीक प्रेक्षकाला दिसत नाही, पण नृत्यात उतरते. कडक, तारेने आडव्या ताणलेल्या टुटूऐवजी (टुटू म्हणजे नर्तकीचा जाळीच्या थरांचा घेर) तार नसलेला, कमी थरांचा, पावडर लावायच्या फुलासारखा मऊ टुटूही तिने आणि बालान्शिनने १९५० च्या सुमारास प्रचारात आणला. अनेक नर्तकी शेजारी उभ्या राहिल्या की कडक टुटूंच्या कडा एकमेकींवर आपटून वर उचलल्या जात. मऊ टुटूने ही अडचण दूर केली.

अभिजात टुटूची बांधणी हे स्वतंत्र कसब मानले जाते. घट्ट चड्डीवर जाळीच्या कापडाचे सुमारे दहा-बारा थर खालून वर शिवत जातात. सर्वांत खालचा थर अगदी आखूड असतो आणि वरचा सर्वांत रुंद. प्रत्येक थराला चुण्या घालून, थर एकमेकांना सैल टाक्यांनी जोडून घेतात. टाके घट्ट पडले तर टुटू थाळीसारखा निर्जीव दिसतो आणि फारच सैल राहिले तर थर विस्कटतात. कंबरेला बसणारा पट्टा, त्यावरचा बॉडिस आणि खांद्याच्या लवचीक पट्ट्या वेगवेगळ्या तयार करून मग जोडल्या जातात. बॉडिस सुती, न ताणल्या जाणाऱ्या अस्तरावर चढवतात आणि पाठीमागे हुकांच्या दोन वा तीन रांगा लावतात, म्हणजे तोच पोशाख कमी-अधिक मापाच्या दोघी-तिघींना वापरता येतो. युगुलनृत्यात नर्तकाचे हात जेथे पडतात त्या कंबरेच्या भागात मणी, टिकल्या वा टोकदार भरतकाम टाळावे लागते, कारण उचलताना हात सोलवटतो आणि टिकल्या पायमोज्यांत अडकतात. तेथे अतिगुळगुळीत सॅटिनही चालत नाही, कारण पकड निसटते. नर्तकाच्या कोटाची बाही कापताना काखेत वेगळा जोड घालतात. तो नसेल तर हात वर जाताच संपूर्ण कोट कानापर्यंत चढतो आणि राजपुत्राचा रुबाब क्षणात जातो.

मेजवानीच्या प्रवेशासाठी काळ ठरवणे ही पहिली निवड असते. होफमानच्या कथेचा काळ धरल्यास उंच कंबरेचे, पायघोळ व साधे झगे येतात. बॅलेच्या जन्माचा काळ धरल्यास मागे फुगवलेले घेर, उंच गळपट्ट्या आणि जड मखमल येते. लंडनच्या रॉयल बॅलेसाठी पीटर राइट याने १९८४ मध्ये बसवलेल्या प्रयोगात जूलिया ट्रेव्हेलियन ओमन हिने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जर्मन घराचा बारकाईने अभ्यास करून पहिला पर्याय स्वीकारला. जादूगार मामा ड्रॉसेलमायर याच्यासाठी कथेतच ठोस आधार सापडतो. उजव्या डोळ्यावर काळी पट्टी आणि टक्कल झाकणारा काचेचा पांढरा टोप असे त्याचे वर्णन होफमानने केले आहे. रंगभूमीवर पट्टी टिकली आणि काचेचा टोप बहुधा मागे पडला. त्याची जागा झगझगीत अस्तराच्या झुलत्या अंगरख्याने घेतली. अंगरख्याचा फायदा उघड आहे : तो फिरवला की मंचाचा अर्धा भाग झाकला जातो आणि त्याच्या आडून एखादी वस्तू गायब करता येते.

नायिकेचे (प्रयोगपरत्वे क्लारा, मारी किंवा माशा) मेजवानीतील झग्यातून झोपण्याच्या पांढऱ्या पोशाखात होणारे रूपांतर काही मिनिटांत पडद्याआड उरकायचे असते. हा रात्रीचा पोशाख दिसायला साधा आणि बेतायला अवघड असतो. तो पुरेसा हलका हवा, मागून प्रकाश पडला तरी पारदर्शक होता कामा नये, आणि उंदरांच्या लढाईनंतर हिमवनात तीच मुलगी स्वप्नात आहे हे त्याच्या एका झुळकीतून कळले पाहिजे. उंदरांच्या राजाला कथेत सात मस्तके आहेत. बालान्शिनच्या प्रयोगात ती सातही मस्तके मुखवट्यात राखली आहेत. इतरत्र अनेकदा मुकुट घातलेल्या एकाच मस्तकावर भागवले जाते. मुखवटा कितीही भयंकर असला तरी नर्तकाला तोंडाच्या फटीतल्या जाळीतून जेमतेम समोरचे दिसते आणि पायाखालचे जवळजवळ दिसत नाही. म्हणून उंदरांची शेपटी किती लांब ठेवावी हा सौंदर्याइतकाच अपघात टाळण्याचा प्रश्न असतो.

हिमनृत्यात शुभ्र पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. निळ्या प्रकाशात तो डोळ्यांवर येतो आणि घडणीच्या सर्व रेषा पुसून टाकतो, म्हणून थरांमध्ये फिका निळा, राखाडी वा रुपेरी छटांचा वापर करून वरून पांढरे जाळीदार कापड घालतात. वरून पडणारे अग्निरोधक कागदी हिम नर्तकींच्या केसांत, गळ्यात आणि टुटूच्या थरांत जाऊन बसते. पुढच्या अंकात फुलांच्या वॉल्ट्झमध्ये एखाद्या गुलाबी झग्यातून पांढरा कागद निसटताना दिसतो तो त्यामुळेच. नृत्यरचनाकार मार्क मॉरिस याच्या १९९१ मधील ‘द हार्ड नट’ या विडंबनात मार्टिन पाक्लेडिनाझ याने स्त्री-पुरुष सर्वांनाच एकसारखे आखूड टुटू आणि वळणदार आइस्क्रीमसारख्या टोप्या घातल्या व हिम नर्तकांच्याच मुठीतून उधळले गेले. परंपरेची इतकी नेमकी थट्टा ती परंपरा आतून ठाऊक असल्याशिवाय साधत नाही.

दुसऱ्या अंकातील शुगर प्लम परी ही वेशभूषेची मध्यवर्ती आकृती होय. बालान्शिनच्या प्रयोगात ती प्रथम लांब गुलाबी झग्यात येते आणि युगुलनृत्यासाठी आखूड हिरव्या टुटूत परतते, कारण तेथील पदन्यासात पायांची प्रत्येक रेषा मोकळी दिसावी लागते. याच अंकातील मदर जिंजर हे पात्र फ्रेंच बाहुलीनाट्यातील ‘मेअर जिगोन्य’ या लेकुरवाळ्या बाईवरून आले असून ते बहुधा पुरुष नर्तक करतो. न्यूयॉर्क सिटी बॅलेत तिचा घागरा सुमारे ९ फूट रुंद आणि पोशाखाचे वजन ८५ पौंड, म्हणजे जवळपास ३९ किलो आहे. तो कप्पीच्या साहाय्याने वरून नर्तकाच्या अंगावर उतरवला जातो. घागऱ्याच्या आत ८ मुले काळोखात, एकमेकांच्या पावलांचा अंदाज घेत चालतात आणि पुढचे पडदे उघडताच धावत बाहेर येतात. याला पोशाख म्हणावे की नेपथ्य, असा प्रश्न पडावा.

चॉकलेट, कॉफी आणि चहा ही नृत्ये अनुक्रमे स्पेन, अरबस्तान व चीन यांच्याशी जोडलेली असून त्यांची वेशभूषा सर्वांत वादग्रस्त ठरली आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कल्पनेतील पौर्वात्य जग त्यात सरळ उतरले. बालान्शिनने कॉफीचे नृत्य आधी हुक्का ओढणाऱ्या पुरुषासाठी रचले होते; १९६४ मध्ये ते उघड्या पोटाच्या पोशाखातील स्त्रीच्या एकल नृत्यात बदलले, म्हणजे एका साच्याची जागा दुसऱ्या साच्याने घेतली. चहाच्या नृत्यातील झुकत्या मिशा व त्या धाटणीचे टोप न्यूयॉर्क सिटी बॅलेने २०१७ मध्ये काढून टाकले. सिएटलच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेने २०२१ मध्ये तेच नृत्य हिरव्या रातकिड्याच्या वेशात सादर केले. चीनमध्ये रातकिडा शुभ मानला जातो, आणि उड्यांनी भरलेली मूळ नृत्यरचना त्या कीटकाला आश्चर्यकारक रीतीने शोभते. नुसती रंगभूषा सौम्य करण्यापेक्षा हा तोडगा अधिक कल्पक म्हणावा लागेल.

मुलांच्या पोशाखांचे गणित वेगळे असते. मोठ्या संस्थांत मुलांचे दोन संच आलटून पालटून काम करतात आणि दर वर्षी मुले बदलतात, वाढतात. त्यामुळे शिवणीत भरपूर माया सोडली जाते, खालच्या काठाला दुमडी घातल्या जातात आणि बाहीच्या आत उसवता येण्याजोगे टाके ठेवतात. माप चुकलेला सैनिक रांगेत लगेच डोळ्यांत भरतो, म्हणून येथे सौंदर्यापेक्षा उंचीचा क्रम आधी पाहिला जातो.

प्रयोगांच्या हंगामात पोशाख रोज घामाने भिजतात, पण रेशीम आणि भरतकाम असलेला बॉडिस पाण्यात घालता येत नाही. यावर वोडका आणि पाणी यांचे मिश्रण आतून फवारणे हा वेशभूषा विभागांत सर्रास चालणारा उपाय आहे. मद्यार्क उडून जाताना वास नेतो आणि डाग मागे ठेवत नाही. टुटू उलटे टांगतात, म्हणजे थर स्वतःच्या वजनाने खाली न झुकता ताठ राहतात. जाळी मऊ पडली की घेर नवा शिवतात आणि जुना बॉडिस त्यावर पुन्हा जोडतात. तो पोशाख आजवर घातलेल्या नर्तकींच्या नावांच्या फिती आतल्या अस्तरावर एकीखाली एक शिवलेल्या असतात आणि भूमिका नव्या नर्तकीकडे गेली की तिच्या नावाची फीत त्यांत जोडली जाते.