बकरीदचा बाजार

बकरीदचा बाजार : ईदुल अजहा म्हणजेच बकरीदच्या आधी कुर्बानीच्या जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी भरणारा बाजार. भारतीय उपखंडातल्या बहुतेक मोठ्या शहरांत तो भरतो. या नोंदीत महाराष्ट्रातील बाजाराचा, मुख्यतः मुंबईतील देवनारचा आणि राज्यातल्या आठवडी बाजारांचा विचार केला आहे. खाटकाला जनावर विकणाऱ्या रोजच्या बाजाराहून हा बाजार वेगळा. येथे घेणारा बहुधा वर्षातून एकदाच येतो, विकणारा कित्येक महिने त्याच एका दिवसाचा हिशेब धरून बोकड वाढवतो आणि भाव ठरताना वजनाइतकेच दात, शिंग, कान आणि रूप यांना मोल येते.

बाजाराची वेळ चंद्र ठरवतो. बकरीद हिजरी कालगणनेतील जिल्हज महिन्याच्या १० तारखेला येते. महिन्याचा चंद्र दिसला की सणाला नऊ-दहा दिवस उरतात. रमजान ईदला आदल्या संध्याकाळपर्यंत ‘उद्या की परवा’ असा घोळ चालतो, तसा येथे नसतो. ट्रक कधी भरायचा, जनावर शहरात किती दिवस उभे करायचे, चारा किती न्यायचा हे सगळे त्यावरून पक्के करता येते. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असल्याने सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१५ मध्ये बकरीद २५ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. या सरकण्याचा परिणाम शेतकऱ्याच्या घरात दिसतो. सण ऐन पावसाळ्यात आला की बाजारात चिखल, ताडपत्र्या आणि भिजून आजारी पडणारी जनावरे. जूनच्या सुरुवातीला आला की चाऱ्याची टंचाई असते, पण बोकडाचे पैसे नेमके पेरणीच्या तोंडावर, बियाणे-खतांच्या गरजेला हातात पडतात. बाजाराच्या बातम्या बहुतेक ग्राहकाच्या बाजूने लिहिल्या जातात, त्यामुळे ही बाजू सहसा झाकलेली राहते.

कुर्बानीसाठी कोणते जनावर चालते याचे नियम हेच या बाजाराचे खरे मोजमाप. शेळी-मेंढी एक वर्षाची, गाय-म्हैस वर्गातील जनावर दोन वर्षांचे आणि उंट पाच वर्षांचा असावा लागतो. सहा महिन्यांची मेंढीही, ती वर्षाची दिसण्याइतकी भरलेली असेल तर, चालते. शेळी-मेंढी एका व्यक्तीच्या नावे, तर मोठ्या जनावरात सात जणांपर्यंत हिस्से घेता येतात. आंधळे, स्पष्ट लंगडणारे, अगदी हाडकुळे किंवा कानाचा मोठा भाग कापलेले जनावर बाद ठरते. मुळापासून तुटलेले शिंगही चालत नाही. मात्र जन्मतःच शिंगे नसलेला बोकड चालतो आणि खच्ची केलेलाही, उलट त्याचे मांस चांगले म्हणून मागणी जास्त. जन्माचा दाखला कुणाकडेच नसल्याने वयाचा पुरावा तोंडात शोधला जातो. बोकडाला पुढचे पहिले दोन कायमचे दात साधारण वर्ष उलटल्यावर येतात. म्हणून गिऱ्हाईक पहिल्यांदा जबडा उघडून बघते. दुधाचे दात असलेले ते ‘आदत’, मग ‘दोन दाती’, ‘चार दाती’, सगळे दात आले की ‘जुळलेले’. बैलबाजारातली हीच भाषा बकरीदलाही चालते. ‘दोन दाती’ ठरलेल्या बोकडाला आदत बोकडापेक्षा सरळ जास्त भाव मिळतो, वजन सारखे असले तरी.

कुर्बानी कुणावर बंधनकारक, याबाबत मुस्लिम फिकहशाखांत, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांत, फरक आहे. हनफी मतानुसार ठरावीक संपत्ती बाळगणाऱ्यावर ती वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे. शाफई मतानुसार ती आग्रहाची सुन्नत, म्हणजे सक्ती नसलेली पण करावी अशी प्रथा. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुस्लिम हनफी, पण कोकणी मुस्लिम शाफई आहेत. हनफी लोक १० ते १२ जिल्हज हे तीन दिवस धरतात, शाफई १३ तारखेपर्यंत चार. त्यामुळे पहिल्या दिवसानंतरही बाजारात थोडी उलाढाल राहते.

देवनार हा या व्यापाराचा सर्वांत मोठा नाका. मुंबई महानगरपालिकेचा हा कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला. त्याआधी शहराचा मुख्य कत्तलखाना वांद्र्याला होता. सुमारे ६४ एकरांचे हे आवार एरवीही जनावरांचा बाजार चालवते, पण बकरीदपूर्वी ते तात्पुरते गावच होते. शेड, मंडप, पाण्याच्या टाक्या, पशुवैद्यकांची तपासणी, आत-बाहेर जाणाऱ्या जनावरांची दारावरची नोंद, पोलिसांचा बंदोबस्त, चहावाले, चारा विकणारे आणि चटईवर झोपणारे व्यापारी. एका हंगामात दीड-दोन लाखांच्या घरात शेळ्या-मेंढ्या येथे येतात. त्यात महाराष्ट्राचा वाटा असतो, पण मोठा भरणा राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातून येणाऱ्या ट्रकांचा. ट्रकसोबत माणसेही येतात. मालकाचा मुलगा, भाचा, एखादा राखणदार असे दोघे-तिघे पंधरा दिवस जनावरांच्या बाजूलाच राहतात.

जातींची जाण येथे पैसा वाचवते. सिरोही तपकिरी, ठिपकेदार आणि काटक. सोजत पांढरा, गुलाबी कातडीचा, लांब कानांचा. मुंबईकर ग्राहक त्याच्या रूपावर भाळतो. जमनापारी उंच, फुगीर नाकाचा. बरबरी बुटका, उभ्या कानांचा, लहान घरात ठेवायला सोयीचा. बीटल पंजाबकडचा, अंगाने भरदार. महाराष्ट्राच्या जातींत धाराशिव-लातूर भागातली, बहुतेक काळी उस्मानाबादी आणि नगर-नाशिककडची संगमनेरी या दोन महत्त्वाच्या. उस्मानाबादी बोकडाचे मांस चवीला नावाजले जाते, पण देवनारच्या दावणीत तो शेजारच्या पांढऱ्याशुभ्र सोजतपुढे मागे पडतो. कुर्बानीचे जनावर देखणे असावे ही भावना खोल रुजलेली असल्याने रूपाचे पैसे वेगळे मोजले जातात. त्याचेच टोक म्हणजे अंगावरच्या केसांत ‘अल्लाह’ किंवा चंद्रकोर उमटल्याचे सांगून लाखांत मागितलेला बोकड. दर वर्षी त्याची बातमी होते. मागितलेला भाव छापून येतो, प्रत्यक्ष सौदा कितीला झाला ते क्वचितच.

घासाघीस अजून संपलेली नाही. ओळखीचा दलाल सोबत असेल तर तो दोन्ही बाजूंकडून काही घेतो. विकणारा दुप्पट सांगतो, घेणारा निम्म्याला मागतो, मग पाठीवर हात फिरवणे, कंबर दाबून बघणे, निघून जाणे, परत येणे. ग्रामीण बाजारात जुने हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, अजूनही टॉवेलच्या आड बोटे दाबून आकडा ठरवतात, म्हणजे शेजारच्या दावणीला भाव कळत नाही. सौदा ठरला की इसार, म्हणजे आगाऊ रक्कम. अलीकडे शेळीपालन फार्म आणि देवनारमधले काही व्यापारी काट्यावर, जिवंत वजनाच्या किलोच्या दराने विकतात. नव्या ग्राहकाला ते बरे वाटते, कारण फसवणुकीची धास्ती कमी. पण काट्याचीही युक्ती आहे. वजनाआधी मीठ चाटवून भरपूर पाणी पाजले की पोट भरते आणि किलो वाढतात. म्हणून जाणकार सकाळी, चारा-पाण्याआधी घ्यायला जातो आणि पोटाऐवजी कमरेवर व मांडीवर मांस बघतो. पातळ लेंडी, वाहते नाक, तोंडातून लाळ किंवा खुरात जखम दिसली की पुढे सरकतो. लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) हे गर्दीत झपाट्याने पसरणारे रोग आहेत, आणि कुठल्याही रोगाने सणाआधीच जनावर दगावले तर कुर्बानीसाठी ते गेलेच.

शेवटची रात्र हा जुगार. उरलेले बोकड परत न्यायचे म्हणजे ट्रकभाडे, म्हणून व्यापारी नरमतो. पण त्या वर्षी माल कमी आला असेल तर उशिरा आलेल्या ग्राहकाला तो हवा तो भाव सांगतो. आदल्या रात्री भाव पडतोच असे धरून बसलेले कित्येक लोक मोकळ्या हाताने किंवा जास्त पैसे देऊन परततात.

राज्यातला दुसरा बाजार गावोगावचा. चाकणचा शनिवारचा, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतला गुरुवारचा, शिवाय लोणंद, मालेगाव असे बाजार बकरीदआधी फुगतात. माल येथे दोन-दोन, चार-चार बोकडांचा, लहान शेतकरी, धनगर आणि भूमिहीन कुटुंबांचा. शेळी बहुधा बाईच्या हातची असते. करडू राखायचे, खच्ची करून घ्यायचे, शेवटचे तीन-चार महिने मका, हरभऱ्याचा भुसा, पेंड, घास आणि बाभळीच्या शेंगांवर भरायचे, आणि बकरीदच्या आठवड्यात बाजारात उभे करायचे, हे तिचे गणित. खाटकाला विकलेल्या बोकडाच्या तुलनेत बकरीदला तो बराच चढ्या भावाने जातो. विकणाऱ्यांत हिंदू शेतकऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, त्यामुळे हा सण एका समाजाचा असला तरी बाजार एका समाजाचा नाही.

कायद्याचे पदर या बाजाराला अनेक आहेत. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याचे कलम २८ धर्माने सांगितलेल्या पद्धतीने प्राणी मारणे हा त्या कायद्याखालील गुन्हा मानत नाही. मात्र वाहतूक, गर्दी आणि जागा यांचे नियम लागू राहतात. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर बैल आणि वळूंवरही ती लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली, राज्याबाहेर कापलेले गोमांस बाळगण्यावरची तरतूद रद्द केली. तेव्हापासून राज्यात मोठ्या जनावरातला हिस्सा म्हणजे रेड्या-म्हशीतला हिस्सा. ज्यांना अख्खा बोकड परवडत नाही त्यांच्यासाठी सात हिश्श्यांची सोय महत्त्वाची होती, आणि तिच्यातले स्वस्त जनावर गेल्याने बोकडावरचा भार वाढला. शहरात प्रश्न जागेचा. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सदनिकांत कुर्बानी करण्यास मनाई केली, आणि सोसायटीच्या आवारात बोकड आणण्यावरून दरवर्षी कुठे ना कुठे वाद होतो. कोरोनाच्या साथीत, २०२० मध्ये, राज्य सरकारने बाजार बंद ठेवून फोनवर किंवा ऑनलाइन खरेदी करण्याचे आणि शक्यतो प्रतीकात्मक कुर्बानीचे आवाहन केले. ऑनलाइन खरेदीची सवय तेव्हा पसरली, पण न पाहता घेतलेला बोकड दाती निघेल का, ही शंका राहतेच.

२०२५ च्या बकरीदआधी राज्याच्या गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना ३ ते ८ जून या काळात जनावरांचे बाजार भरवू नयेत असे पत्र पाठवले. उद्देश गोवंशाच्या कत्तलीला आळा घालण्याचा सांगितला गेला. बाजार बंद राहिल्यास शेळ्या, मेंढ्या, म्हशी सगळ्यांचीच विक्री थांबते, म्हणून त्यावर टीका झाली. आयोगाचे काम गोवंशापुरते असताना त्याने बोकडांचा बाजारही अडवावा हे पटण्यासारखे नव्हते. स्वतःहून थांबण्याचे उलट उदाहरणही त्याच दशकातले. २०२२ मध्ये १० जुलैला आणि २०२३ मध्ये २९ जूनला बकरीद व आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. पंढरपूरसह अनेक गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. नियमाने ती दुसऱ्या दिवशीही करता येत असल्याने धर्माला बाध नव्हता. बोकड मात्र आणखी एक दिवस सांभाळावा लागला.

कुर्बानीनंतर मांसाचे तीन भाग करून एक घरी, एक नातेवाईक व शेजाऱ्यांना, एक गरिबांना देणे चांगले मानतात. कातडे विकून पैसे स्वतः ठेवता येत नाहीत, ते किंवा त्याची किंमत दान द्यावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ते मदरशाकडे जाते. कसायाची मजुरीही मांसात किंवा कातड्यात देता येत नाही, ती रोख द्यावी लागते. एकेकाळी कातड्याची मदरशांना चांगली मिळकत होती. चामड्याची मागणी घटल्यापासून बोकडाच्या कातड्याला इतका कमी भाव मिळतो की कित्येक ठिकाणी गोळा करण्याचा खर्चही निघत नाही. न विकलेले बोकड सणानंतर खाटकांकडे नेहमीच्या मांसाच्या भावाने जातात, आणि ज्याचे अंतर लांबचे त्याला तेही नुकसानीतच पडते.