थेरपिस्टला आधीच कळतं, हे आपण कशावरून धरतो?

खुनाच्या बातमीत आरोपीवर मानसोपचार चालू होते असं आलं की लगेच लोक म्हणतात, "डॉक्टरला माहीत असणारच, मग सांगितलं का नाही?" वाक्य पटतं, आणि पटतं म्हणूनच ते उसवून बघायला हवं.

यावरचा गाजलेला खटला कॅलिफोर्नियाचा, टारासॉफ खटला. १९६९ मध्ये बर्कलेला भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने थेरपिस्टला सांगितलं की मी एका मुलीला मारणार. थेरपिस्ट गप्प बसला नाही, त्याने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी पोराला धरलं, बोलले, ठीक वाटला म्हणून सोडून दिलं. मुलीला मात्र कोणी काहीच सांगितलं नाही आणि ऑक्टोबरमध्ये तिचा खून झाला. १९७६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की धोक्यातल्या माणसाला वाचवण्यासाठी योग्य ती पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्यच आहे.

आता युक्तिवाद बघा: पेशंट धोकादायक आहे, म्हणून सांगायला हवं. यात न बोललेलं काय आहे ते शोधायची एक मस्त पद्धत आहे, संशय येईल ते गृहीतक उलटं करायचं आणि निष्कर्ष उभा राहतो का बघायचं. "कोण खरंच मारेल हे थेरपिस्टला ओळखता येतं" हे उलटं करा, अख्खा डोलारा कोसळतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने कोर्टात हेच मांडलं होतं. कोर्टाचं म्हणणं, अचूक भाकीत कोण मागतंय, आणि या केसमध्ये तर त्याने ओळखलंच होतं. बरोबर आहे, पण एकदा ओळखलं म्हणून नेहमी ओळखता येतं का?

इथे गणित येतं. समजा १०,००० पेशंट, त्यातले १० खरंच हिंसा करणार, आणि तुमची चाचणी दोन्ही बाजूंनी ९०% अचूक (आकडे सोयीसाठी घेतलेत). १० पैकी ९ सापडतील, छान. पण उरलेल्या ९,९९० निरुपद्रवी लोकांपैकी १०%, म्हणजे ९९९ जणांवरही शिक्का बसेल. एकूण १,००८ संशयित, त्यात खरे ९, म्हणजे ११२ मागे एक! चाचणी वाईट नाहीये, घटनाच दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ गोष्ट शोधताना खोट्या घंटा खऱ्यांपेक्षा जास्त वाजतात. आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखतो म्हणणारं ॲप असो की कुंडली बघणारा ज्योतिषी, त्याला आधी हा हिशोब मागा.

विरुद्ध बाजूही धुतल्या तांदळाची नाही. "गोपनीयता मोडली तर कोणी मोकळं बोलणारच नाही" यात गृहीत धरलंय की पेशंट नियम माहीत करून घेऊन मगच बोलतो. ते आपोआप खरं ठरत नाही, तपासावं लागतं.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ दुसऱ्याला इजा किंवा हिंसेपासून वाचवायला गरज असेल तर माहिती द्यायला परवानगी देतं, तीही त्या धोक्यापुरतीच. गरज आहे का हे मात्र समोर बसलेल्या थेरपिस्टनेच ठरवायचं, त्या ११२ मधला एक कोण हे माहीत नसताना.