बाळसं की सूज? नॉर्थ मेलबर्नच्या कोवळ्या चमूमागची गोष्ट

२०२३च्या ऑगस्टअखेर टास्मानियातल्या होबार्टला ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या नॉर्थ मेलबर्न क्लबने गोल्ड कोस्टला ३५ गुणांनी हरवलं. मोसमातला शेवटचा सामना, आणि त्याआधी सलग २० पराभव. आनंदच व्हायला हवा. पण त्या एका विजयाने नॉर्थ तळातून एक पायरी वर सरकला, वेस्ट कोस्ट तळाला गेला आणि नव्या पोरांतून सर्वांत आधी निवड करायचा, तळाच्या संघाला मिळणारा हक्कही त्याच्याकडे गेला. नोव्हेंबरमध्ये वेस्ट कोस्टने त्या हक्कावर हार्ली रीडला उचललं. साऱ्या देशाचे डोळे त्या वर्षी ज्याच्यावर लागलेले, तो हा पोरगा. जिंकल्यावर कपाळाला हात लावायची पाळी यावी, असा हा कारभार.

नॉर्थच्या चमूत आज कोवळी पोरं भरपूर आहेत, आणि ‘पोरं मोठी झाली की बघा’ हे आश्वासन ऐकून चाहत्यांचे कान किटलेत. २०२० ते २०२५ या सहा मोसमांत संघ १३० सामने खेळला. जिंकले २०, बरोबरीत सुटले २. आपल्याकडे अंगाने भरलेल्या मुलाकडे पाहून म्हातारी माणसं विचारतात, हे बाळसं आहे की सूज? नॉर्थच्या यादीलाही तेच विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर आजच्या पोरांच्या आकड्यांपेक्षा मागच्या इतिहासात जास्त सापडतं.

आधी खेळाबद्दल थोडं. क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेल्या एमसीजीवर हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालतो: लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, एका बाजूला १८ जण, मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला तर ६ गुण. या खेळाचे नियम १८५९मध्ये मेलबर्नमध्ये लिहिले गेले आणि लिहिणाऱ्यांत टॉम विल्स हा क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांची अंगं आखडू नयेत, ही त्याची मूळ कळकळ.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्याला तिथला ड्राफ्ट जरा विचित्र वाटतो. तिथे बोली लागत नाही. एएफएल या तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये १८ संघ, सगळ्यांना पगाराची सारखी मर्यादा, आणि दर नोव्हेंबरला १८ वर्षांच्या पोरांची निवड गुणतालिकेच्या उलट्या क्रमाने: तळाचा पहिला, विजेता शेवटचा. कोणत्या क्लबात जायचं हे पोराच्या हातात नाही. ॲडलेडच्या मुलाचं नाव मेलबर्नच्या क्लबने पुकारलं की त्याने बॅग भरायची. या निवडीला तिथे ‘पिक’ म्हणतात. मराठी कानाला ते ‘पीक’ ऐकू येतं, आणि तेही फार चुकीचं नाही. पेरणी आज, कापणी चार-पाच वर्षांनी, मधल्या पावसाची हमी कुणी देत नाही.

ही व्यवस्था १९८६मध्ये आली. त्याआधीचा नॉर्थ मात्र अगदी वेगळ्या वाटेने मोठा झाला होता. १८६९मध्ये कत्तलखान्यांच्या आणि कामगारांच्या वस्तीत निघालेला हा क्लब. त्याचं जुनं टोपणनाव ‘शिनबोनर्स’, म्हणजे नडगीवाले. खाटीक दुकानात बैलाची नडगी क्लबच्या निळ्या-पांढऱ्या रंगांत सजवून टांगत म्हणून हे नाव पडलं, असं कुणी सांगतं. समोरच्याच्या नडगीवर लाथा घालायचे म्हणून पडलं, असंही कुणी सांगतं. मला दुसरं जास्त पटतं. १९२५मध्ये वरच्या लीगमध्ये प्रवेश मिळाला, आणि पहिलं विजेतेपद यायला ५० वर्षं लागली.

ते आलं ते पोरं वाढवून नव्हे. १९७२मध्ये लीगने नियम केला की एका क्लबात दहा वर्षं घालवलेल्या खेळाडूला परवानगीशिवाय दुसरीकडे जाता येईल. नियम फार टिकला नाही, पण तेवढ्या फटीतून नॉर्थने एसेंडनचा बॅरी डेव्हिस, जिलाँगचा डग वेड आणि साउथ मेलबर्नचा जॉन रँटल असे तीन मुरलेले गडी आणले. क्लबचे अध्यक्ष ॲलन एलेट, पेशाने दंतवैद्य. त्यांनी रॉन बरासी यांना प्रशिक्षक म्हणून गळाला लावलं. वेडने १९७४मध्ये १०३ गोल मारले, आणि १९७५मध्ये डेव्हिसच्या कप्तानीत चषक आला. घरचा कीथ ग्रेग होताच. १९७३ आणि १९७४ ही दोन्ही वर्षं लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राऊनलो पदक त्याने पटकावलं. पण घरच्या पोराला आधार द्यायला बाहेरचे तिशीतले खांदे आणले, हे विसरायचं नाही. १९७७मध्ये दुसरा चषक. तिसरा आणि चौथा १९९६ आणि १९९९मध्ये, डेनिस पेगन यांच्या हाताखाली, वेन केरीच्या कप्तानीत. केरीला सिडनीच्या क्लबकडून जॉन लाँगमायर या खेळाडूच्या व्यवहारातच, अवघ्या १० हजार डॉलरांत सोडवून आणलं, असं सांगतात.

१९९९नंतर चषक नाही. तरी नॉर्थ लगेच तळाला गेला नाही, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथेच आहे. संघ मधेच लटकत राहिला. ब्रॅड स्कॉट यांच्या हाताखाली २०१४ आणि २०१५ला ओळीने उपांत्य फेरी गाठली, दोन्हीदा हार. २०१६ची सुरुवात सलग ९ विजयांनी झाली. उरलेल्या १३ सामन्यांत ३ विजय, आणि बाद फेरीचा पहिलाच सामना गमावून मोसम संपला. तो संपण्याआधीच क्लबने चार ज्येष्ठांना निरोप दिला होता: ब्रेंट हार्वे, ड्रू पेट्री, निक दाल सांतो, मायकेल फिरिटो. हार्वे ३८ वर्षांचा होता, ४३२ सामने खेळून तेव्हाचा सर्वाधिक सामन्यांचा विक्रम त्याच्या नावावर जमा होता, आणि त्याला अजून खेळायचं होतं.

म्हाताऱ्यांना एकदम काढलं याचं मला तितकं वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते पुढचं. जागा रिकामी करून क्लब बाजारात गेला आणि थेट सर्वांत महागड्या दुकानात शिरला. २०१७मध्ये रिचमंडच्या डस्टिन मार्टिनला प्रचंड रकमेचा करार देऊ केला. त्याने नाही म्हटलं, रिचमंडशीच सात वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी ब्राऊनलो, अंतिम सामन्याचा मानकरी आणि चषक, तिन्ही नेलं. वेस्टर्न सिडनीच्या जॉश केलीनेही नकार कळवला. पैसे तयार, जागा तयार, आणि वरात आलीच नाही.

मग पोरांवर भिस्त. २०१६ आणि २०१७च्या निवडी खरं तर उत्तम निघाल्या. जाय सिम्पकिन बाराव्या क्रमांकावर, लूक डेव्हिस-युनिॲकी चौथ्या. पण खरी कमाई तळाशी सापडली: निक लार्की ७३वा, ट्रिस्टन झेरी ७२वा. ड्राफ्टमध्ये ७३व्या क्रमांकाला फारसं कुणी विचारत नाही. निम्मे घरचे टीव्ही बंद करून झोपलेले असतात. त्याच लार्कीने २०२३मध्ये, म्हणजे संघ तीनच सामने जिंकला त्या वर्षी, ७१ गोल मारले आणि ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात गेला. पुढच्या फळीत उभ्या राहणाऱ्या गड्याकडे चेंडूच येत नसताना ७१ गोल कसे होतात, हे ज्याने सामना पाहिलाय त्यालाच कळेल.

खड्डा त्यापुढे पडला. २०१८ ते २०२१ या चार ड्राफ्टमध्ये नॉर्थला पहिल्या दहातल्या तीन निवडी मिळाल्या. २०१८चा आठवा टॅरिन थॉमस. २०२४च्या सुरुवातीला क्लबने त्याला काढून टाकलं. २०२०चा तिसरा विल फिलिप्स; दुसऱ्याच वर्षी ग्रंथीज्वराने मोसम खाल्ला, नंतरही जम बसला नाही. २०२१चा पहिला जेसन हॉर्न-फ्रान्सिस. एक मोसम खेळून तो घरच्या मुलखात, पोर्ट ॲडलेडला परतला. टॉम पॉवेल, पॉल कर्टिस असे दोन-तीन चांगले निघाले, नाही असं नाही. पण घर उभं राहायचं ते ज्या तिघांच्या खांद्यावर, ते तिघंही गळाले. त्यात २०२०च्या अखेरीस एकाच झटक्यात ११ खेळाडूंना नारळ दिला गेला. बेन ब्राऊन मेलबर्न क्लबात गेला आणि पुढच्याच वर्षी चषक जिंकला. प्रशिक्षकही टिकेनात: स्कॉट २०१९मध्ये मधेच गेले, मग राइस शॉ, मग डेव्हिड नोबल, त्यांचीही जुलै २०२२मध्ये मधेच उचलबांगडी. दुष्काळात तेरावा महिना.

निव्वळ वरच्या निवडींनी संघ होत नाही, याचे दाखले तिथे पावलोपावली आहेत. कार्लटनने २००५, २००६ आणि २००७ अशी ओळीने तीन वर्षं पहिली निवड केली. त्या तिघांतला एकही कार्लटनसाठी अंतिम सामना खेळला नाही. मेलबर्न क्लबने २००९मध्ये पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक घेतले. पहिला टॉम स्कली दोन वर्षांत दुसऱ्या क्लबात, दुसरा जॅक ट्रेंगोव्ह विशीत कप्तान झाला आणि पुढे पायाच्या दुखापतीने जायबंदी. त्याच २००९मध्ये मेलबर्न चांगल्या निवडीसाठी मुद्दाम हरला का, याची नंतर चौकशी झाली. आरोप सिद्ध झाला नाही, तरी २०१३मध्ये ५ लाख डॉलरांचा दंड भरावा लागला. चषक आला तो २०२१मध्ये, वेगळ्याच पिढीच्या हातून.

आणि उलटा दाखला हॉथॉर्नचा. २००४च्या एकाच ड्राफ्टमध्ये दुसरा जॅरिड रफहेड, पाचवा लान्स फ्रँकलिन, सातवा जॉर्डन लुइस; २००८मध्ये चषक. प्रशिक्षक ॲलिस्टर क्लार्कसन. पुढे २०१३, २०१४, २०१५ असे ओळीने आणखी तीन. याच क्लार्कसन यांना नॉर्थने ऑगस्ट २०२२मध्ये आणलं. खेळाडू म्हणून ते नॉर्थचेच, त्यामुळे घरचा माणूस घरी आला, अशीच भावना होती. पहिल्याच मोसमात त्यांना काही आठवडे रजेवर जावं लागलं आणि ब्रेट रॅटन यांनी गाडा ओढला, पण काम सुरू झालं होतं.

हॉर्न-फ्रान्सिसच्या जाण्याचा व्यवहार चार क्लबांत मिळून झाला. नॉर्थने तो आणि २०२२चा पहिला क्रमांक सोडला, बदल्यात दुसरा आणि तिसरा घेतला. दुसऱ्यावर त्यांनी विल ॲशक्रॉफ्टचं नाव पुकारलं, पण वडील ब्रिस्बेनकडून खेळलेले असल्याने ब्रिस्बेनने बापलेकाच्या नियमाखाली त्याला राखलं. मग तिसरा हॅरी शीझल, चौथा जॉर्ज वॉर्डलॉ. पहिल्याच सामन्यात शीझलकडून चेंडू ३४ वेळा पुढे गेला. १८ वर्षांचं पोर! त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम नवोदितही तोच आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

इथेच तो बाळसं-सूजेचा प्रश्न येतो. शीझल मुळात पुढच्या फळीचा खेळाडू म्हणून घेतलेला. त्याला मागे, बचावाच्या कडेला उभं केलं, कारण चेंडू सतत तिथेच येत होता. समोरचा संघ हल्ल्यावर हल्ले चढवतोय, चेंडू परत परत आपल्याच गोटात, आणि तिथून तो बाहेर काढायला एकच शहाणं पोर. आकडे फुगणारच. त्याची हुशारी खोटी नाही. गर्दीत मान वर ठेवून मोकळा गडी हेरण्याची नजर शिकवून येत नाही. पण ३४ हा आकडा त्याच्याइतकाच त्याच्या संघाच्या लाचारीबद्दलही बोलतो. वॉर्डलॉची गत वेगळी. अंगात बैलाचं बळ, पण मांडीमागचा स्नायू वारंवार दगा देतो.

२०२३च्या ड्राफ्टमध्ये दुसरा कोल्बी मकर्चर, चौथा झेन डुअर्स्मा, शिवाय लीगने मदत म्हणून दिलेल्या पहिल्या फेरीअखेरच्या जादा निवडी. २०२४मध्ये दुसरा फिन ओसलिव्हन. एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसलो असतो. पण त्याच रात्री क्लबने २०२५चा आपला पहिल्या फेरीचा हक्क रिचमंडला देऊन २७वा क्रमांक घेतला आणि मॅट व्हिटलॉक या उंच पोराला उचललं. २०२५मध्ये पाच विजय आणि एक बरोबरी मिळवून नॉर्थ सोळावा आला, म्हणजे तो हक्क खालून तिसऱ्या संघाचा निघाला. व्हिटलॉक पुढे मोठा झाला तर कुणी आठवण काढणार नाही. तोवर हा सौदा महागच.

त्याउलट त्याच्या महिनाभर आधी केलेली एक खरेदी मला १९७२ची आठवण करून देते. सिडनीचा लूक पार्कर, वेस्ट कोस्टचा जॅक डार्लिंग, वेस्टर्न बुलडॉग्जचा केलेब डॅनियल. तिघंही मुरलेले, तिघांनीही चषक हातात धरलेला किंवा अंतिम सामन्याची चव घेतलेली. म्हातारे गोळा करतायत, अशी टर उडाली. पण २०१६मध्ये चार ज्येष्ठांना काढल्यावर जी जागा रिकामी पडली, ती कुणीतरी भरायलाच हवी होती. त्यानंतरच्या वर्षी डेव्हिस-युनिॲकीला दुसरीकडे जायची मुभा होती. तो दीर्घ करार करून राहिला. क्लबच्या दृष्टीने २०२५मधली सर्वांत मोठी कमाई हीच, मैदानावरचे पाच विजय नव्हेत. (चषकच पाहायचा असेल तर नॉर्थचाच महिला संघ आहे: २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षं एकही सामना न हरता विजेता. पुरुषांच्या यादीवर डोकं आपटणाऱ्यांना हे कोण सांगणार!)

आता वयांचा हिशेब. हॉथॉर्नने २००८चा चषक जिंकला तेव्हा रफहेड आणि फ्रँकलिन २१ वर्षांचे होते, ड्राफ्टनंतरचा चौथा मोसम. त्यांच्याबरोबर २४चा लूक हॉज, २५चा कप्तान सॅम मिचेल आणि ३४चा शेन क्रॉफर्ड. शीझल आणि वॉर्डलॉचा चौथा मोसम म्हणजे २०२६. त्यांच्या वर विशीच्या उत्तरार्धातले डेव्हिस-युनिॲकी, झेरी, लार्की, सिम्पकिन आणि कॅमेरून झुरहार, सगळे २०१६-१७च्या पेरणीतले. त्यावर थेट तिशी ओलांडलेला पार्कर. मधली २३ ते २६ची फळी, जिथे आज हॉर्न-फ्रान्सिस असता, थॉमस असता, तिथे पॉवेल, कर्टिस आणि बरीच मोकळी हवा.

घड्याळ आणखी एका बाजूने चालू आहे. २०२८मध्ये टास्मानियाचा स्वतःचा संघ, डेव्हिल्स, लीगमध्ये येतोय. नव्या संघाला सुरुवातीला निवडींचा मोठा वाटा मिळतो, म्हणजे बाकीच्यांच्या ताटात कमी पडतं. होबार्टला वर्षानुवर्षं घरचे सामने खेळणाऱ्या नॉर्थला ते अंगणही सोडावं लागतंय. आणि मकर्चर मूळचा लाँचेस्टनचा, टास्मानियाचाच. २०२८मध्ये तो २३ वर्षांचा होईल.