आर्मी रिझर्व्ह की नॅशनल गार्ड? अर्धवेळ सैन्यात जाणाऱ्या पीएसाठी

अमेरिकेत पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, रुग्ण तपासतो, औषधं लिहून देतो, टाके घालतो. या पेशाचं मूळच सैन्यात आहे. 1965 साली ड्यूक विद्यापीठात पहिला वर्ग भरला, तेव्हाचे विद्यार्थी नौदलात रुग्णसेवा केलेले जवान होते. तिकडे वाढलेल्या तुमच्या भाच्या-पुतण्यांपैकी कुणी पीए असेल आणि नोकरी सांभाळून वर्दी घालायचं म्हणत असेल, तर त्याच्यापुढे दोन दारं असतात: आर्मी रिझर्व्ह आणि आर्मी नॅशनल गार्ड.

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. महिन्याला एक वीकेंड, वर्षाला साधारण दोन आठवडे. पीए दोन्हीकडे अधिकारीच असतो आणि छातीवरची पट्टीही तीच, ‘यू. एस. आर्मी’. म्हणून लोक सर्रास ‘एकच आहे’ म्हणतात. ते खरं नाही.

खरा प्रश्न आहे तो बोलावतं कोण याचा. रिझर्व्ह केंद्राचं. 2020 च्या कोविडात रिझर्व्हमधून 85-85 जणांची वैद्यकीय पथकं उभी राहिली, ती केंद्राच्या हुकमावर. गार्ड मात्र एरवी राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली. (हे गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखे नेमलेले नसतात, निवडून आलेले असतात.) 2017 मध्ये हार्वे चक्रीवादळ आलं तेव्हा टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग अबॉट यांनी तिथलं सगळं गार्ड, सुमारे 12,000 जण, बोलावलं. राष्ट्राध्यक्ष गार्डला केंद्राच्या सेवेतही घेऊ शकतात.

याची झळ बसते ती घरच्या नोकरीला. समजा, सोमवारी फोन आला आणि पीए क्लिनिक सोडून सहा दिवस पुराच्या कामाला गेला. हुकूम केंद्राचा असेल तर 1994 चा यूसेरा कायदा त्याची नोकरी राखतो. हुकूम निव्वळ राज्याचा असेल तर 2021 पर्यंत या कायद्याचा आधारच नव्हता. आता आहे, पण सेवा किमान 14 दिवसांची असेल किंवा केंद्राने आणीबाणी वा मोठी आपत्ती जाहीर केली असेल तरच. नाहीतर त्या राज्याचा कायदा काय म्हणतो ते बघायचं. माझ्या मते सही करण्याआधी विचारायची पहिली गोष्ट हीच.

कामही वेगळं. गार्डमध्ये पायदळ, तोफखाना आहे. तिथल्या बटालियनची तब्येत बरीचशी पीएच्याच भरवशावर असते. शनिवारी सकाळी आर्मरीत, म्हणजे गार्डच्या सरावाच्या इमारतीत, घडीचं टेबल मांडलेलं, समोर घोटा मुरगळलेला विशीतला पोरगा, आणि तो सरावाला जाईल की नाही हे पीएने ठरवायचं. रिझर्व्हमध्ये लढाऊ तुकड्या जवळपास नाहीतच, रुग्णालयांची पथकं मात्र भरपूर. शंका आली तर विचारायला डॉक्टर शेजारीच असतो. रिझर्व्हची सुरुवातच 23 एप्रिल 1908 रोजी राखीव डॉक्टरांच्या दलापासून झाली.

आणि बदली? जोडीदाराच्या नोकरीपायी टेक्सस सोडून न्यू जर्सीला जायची वेळ आली, तर रिझर्व्हवाल्याने तिथली नवी तुकडी शोधायची. गार्डवाल्याला मात्र एका राज्याने सोडावं लागतं आणि दुसऱ्याने घ्यावं लागतं.